समूहवाचनासाठी अभिजात ग्रंथाची निवड

हातातील ग्रंथाचे वाचन संपत आले, की प्रत्येक वाचकमंडळापुढे एक प्रश्न उभा राहतो : पुढील ग्रंथ कोणता घ्यावयाचा? प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु अनेक मंडळे ग्रंथांच्या अभावी नव्हे, तर चुकीच्या निवडीमुळे ओस पडतात. न रुचलेला किंवा न पेलणारा ग्रंथ हाती आला म्हणजे सभासद उघडपणे तक्रार करीत नाहीत. ते केवळ यावयाचे थांबतात. म्हणून ही निवड कोणत्या तत्त्वावर करावी आणि मतभेद झाल्यास मते कशी मोजावीत, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनाच्या सोयीसाठी मराठी गद्यातील तीन ग्रंथ उदाहरणादाखल घेतले आहेत : ‘लीळाचरित्र’, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आणि विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

१. एकत्र वाचनाचे तीन प्रकार

महाराष्ट्रात एकत्र वाचनाची प्रथा जुनी आहे. चातुर्मासात पोथी लावणे, सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण करणे, पुराणिकाने सांगावे आणि श्रोत्यांनी ऐकावे, हे सर्व एकत्र वाचनाचेच प्रकार होत. मात्र त्यांत निवडीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. कोणता ग्रंथ केव्हा वाचावयाचा हे परंपरेने, संप्रदायाने किंवा तिथीने आधीच ठरविलेले असते. तेथे सहवास आहे, निवड नाही.

एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक ग्रंथालये निघाली. नाशिक येथे १८४० मध्ये, पुणे येथे १८४८ मध्ये, कोल्हापूर येथे १८५० मध्ये अशा संस्था स्थापन झाल्या. पुढे १८९३ मध्ये ठाण्यास आणि १८९८ मध्ये मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. या संस्थांनी वाचकाच्या हाती निवडीचा अधिकार दिला. कपाटातून हवे ते पुस्तक काढावे, वहीत नोंद करावी आणि घरी जाऊन एकट्याने वाचावे, अशी ही व्यवस्था होती. येथे निवड आहे. परंतु शेजारच्या वाचकाशी एकमत होण्याची गरज नाही.

वाचकमंडळ हा तिसरा प्रकार होय. त्यात सहवासही हवा आणि निवडही हवी. पोथीच्या श्रोत्यांप्रमाणे सर्वांनी एकच ग्रंथ वाचावयाचा. परंतु ग्रंथालयाच्या सभासदाप्रमाणे तो स्वतः निवडावयाचा. निवडीची अडचण जन्मास येते ती या दुहेरी अपेक्षेतून.

ही अडचण टाळण्याचा एक मार्ग अमेरिकेत अवलंबिला गेला. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर ॲडलर यांनी १९३० च्या सुमारास थोर ग्रंथांच्या सामूहिक वाचनाचे वर्ग सुरू केले. त्यांतून १९४७ मध्ये ‘ग्रेट बुक्स फाउंडेशन’ ही संस्था निघाली. तिने प्रौढ वाचकांच्या गटांना ग्रंथांची आखलेली क्रमवारी पुरविली. निवडीचा वाद त्यामुळे मिटला. पण तो मिटला याचे कारण निवडच गटाबाहेर गेली. एका अर्थी ही पोथीच्या व्यवस्थेकडे परत जाण्याचीच वाट होती. ज्या मंडळास स्वतःची निवड स्वतःच करावयाची आहे, त्यास वेगळा विचार करणे प्राप्त आहे.

२. ‘अभिजात’ या शब्दाचा अर्थ

निवड अभिजात ग्रंथांतूनच करावयाची असे ठरले, तरी वाद संपत नाही. कारण अभिजात कशास म्हणावयाचे हे ठरविले पाहिजे. ‘अभिजात’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘उत्तम कुळात जन्मलेला’ असा आहे. युरोपीय भाषांतील ‘क्लासिक’ हा शब्दही अशाच ठिकाणाहून आला. रोमन नागरिकांची मालमत्तेनुसार जी वर्गवारी होई, तिच्यातील वरच्या वर्गास लावावयाचे लॅटिन विशेषण दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस याने उत्तम ग्रंथकारास लाविले. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी कुळाची किंवा दर्जाची कल्पना आहे.

मराठीत याच आशयासाठी आणखी एक शब्द रूढ आहे : ‘अक्षर वाङ्मय’. अक्षर म्हणजे ज्याचा क्षर होत नाही, जे झिजत नाही. हा शब्द कुळ विचारीत नाही. तो टिकाऊपणा विचारतो. कोणत्या पिढ्यांनी हा ग्रंथ पुन्हा हाती घेतला आणि प्रत्येक वेळी त्यात त्यांना काय सापडले, हा त्याचा प्रश्न आहे. वाचकमंडळाच्या दृष्टीने ही दुसरी कसोटीच अधिक उपयोगी पडते. दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचे मान्य केले, ही घटना महत्त्वाची खरी. परंतु भाषेच्या प्राचीनत्वाविषयीचा तो निर्णय पुढील बैठकीत कोणता ग्रंथ घ्यावा हे सांगू शकत नाही.

किंबहुना ‘सर्वश्रेष्ठ ग्रंथ कोणता?’ हा प्रश्नच मंडळाने विचारू नये. ‘जो एकट्याने वाचण्यापेक्षा एकत्र वाचल्याने अधिक उलगडेल असा ग्रंथ कोणता?’ हा त्याचा खरा प्रश्न होय. श्रेष्ठ असूनही काही ग्रंथ एकांतातच वाचावेत असे असतात. उलट, एकट्या वाचकाने कंटाळून बाजूस ठेविलेला ग्रंथ पाच जणांच्या सहवासात बोलू लागतो.

३. तीन ग्रंथ, तीन प्रकारच्या मागण्या

या दृष्टीने वर उल्लेखिलेल्या तीन ग्रंथांकडे पाहू.

‘लीळाचरित्र’ हे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गद्य. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकिल्या होत्या त्यांच्याकडून म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या, अशी महानुभाव परंपरा सांगते. लीळा बहुधा आटोपशीर असतात. एका बैठकीत दोन-तीन लीळा सहज वाचून होतात, हा त्यांचा समूहवाचनास अनुकूल असा गुण आहे. अडचण भाषेची आहे. ज्याने जुन्या मराठीचा अभ्यास केला आहे तो सभासद अर्थ सांगू लागतो आणि इतर ऐकू लागतात. दोन-तीन बैठकींत मंडळाचे पुराण होते. सांगणारा एक, ऐकणारे अनेक!

‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीची अडचण नेमकी उलट आहे. यमूच्या तोंडून सांगितलेली ही कथा १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. कादंबरीची भाषा आजच्या वाचकास अडवीत नाही. प्रत्येक जण ती घरी स्वतंत्रपणे वाचू शकतो, आणि म्हणूनच बैठकीस येताना तयार मत घेऊन येतो. मग चर्चा ग्रंथाची न राहता स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या सर्वसाधारण मतांची होते. येथे मंडळ ग्रंथालयाकडे झुकते : सर्वांनी वाचले, पण वेगवेगळे वाचले.

‘माझा प्रवास’ या दोहोंच्या मध्ये येतो. वरसईचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि ध्यानीमनी नसता त्या वर्षीच्या उठावात सापडले. झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते त्या शहरात होते. ही हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनंतर आठवणीने लिहिली. भाषा थोडी जुनी, परंतु दुर्बोध नाही. साक्षीदाराने स्वतः काय पाहिले, दुसऱ्याकडून काय ऐकिले आणि काळाच्या ओघात काय मिसळले, हे निवडून काढण्याचे काम एकापेक्षा अनेक डोळ्यांनी चांगले होते.

मात्र या ग्रंथाच्या बाबतीत एक दक्षता अवश्य घेतली पाहिजे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये तो प्रथम छापला, तेव्हा त्यांनी भाषेत व मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या सभासदांच्या हाती पहिली आणि अर्ध्यांच्या हाती दुसरी आवृत्ती असेल, तर त्यांनी एक ग्रंथ वाचला असे म्हणता येणार नाही. हा प्रश्न आजचा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरल्याचे पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ‘लीळाचरित्रा’च्याही ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या स्वतंत्र आवृत्त्या आहेत. सारांश, मंडळाने ग्रंथ निवडणे म्हणजे आवृत्ती निवडणे होय.

४. मते मोजण्याची रीत

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पंधरा सभासदांचे एक मंडळ कल्पनेने घेऊ. वरील तीन ग्रंथांविषयी त्यांचा पसंतीक्रम पुढीलप्रमाणे आहे असे समजू.

सहा सभासद : प्रथम लीळाचरित्र, नंतर माझा प्रवास, शेवटी आपट्यांची कादंबरी.
पाच सभासद : प्रथम आपट्यांची कादंबरी, नंतर माझा प्रवास, शेवटी लीळाचरित्र.
चार सभासद : प्रथम माझा प्रवास, नंतर आपट्यांची कादंबरी, शेवटी लीळाचरित्र.

नेहमीच्या रिवाजाप्रमाणे हात वर करावयास सांगितले, तर ‘लीळाचरित्रा’स सहा, कादंबरीस पाच आणि ‘माझा प्रवास’ला चार मते पडतील. ‘लीळाचरित्र’ निवडले जाईल. परंतु पंधरांपैकी नऊ सभासदांना तेच सर्वांत कमी पसंत आहे, ही गोष्ट या मोजणीत कोठेच दिसत नाही.

कोणी म्हणेल, पहिल्या दोन ग्रंथांत पुन्हा मतदान घ्या. तसे केले तर ‘माझा प्रवास’ गळतो. त्याचे चार पुरस्कर्ते कादंबरीकडे वळतात आणि ती सहाविरुद्ध नऊ मतांनी विजयी होते.

तिसरी रीत अशी की, दोन दोन ग्रंथांची जोडीने तुलना करावी. ‘माझा प्रवास’ व ‘लीळाचरित्र’ यांत नऊ जण पहिल्याच्या बाजूचे आहेत. ‘माझा प्रवास’ व कादंबरी यांत दहा जण पहिल्याच्या बाजूचे आहेत. म्हणजे ज्याला पहिल्या मोजणीत सर्वांत कमी मते पडली, तोच ग्रंथ दोन्ही प्रतिस्पर्ध्यांवर मात करतो. पहिल्या पसंतीस दोन गुण, दुसरीस एक व तिसरीस शून्य असा हिशेब केला तरी हेच दिसते : ‘माझा प्रवास’ला एकोणीस, कादंबरीस चौदा आणि ‘लीळाचरित्रा’स बारा गुण मिळतात.

सभासद तेच, त्यांची आवड तीच. केवळ मोजणी बदलली आणि तीन निरनिराळे ग्रंथ निवडले गेले. जोडीने तुलना करण्याचे तत्त्व फ्रेंच तत्त्वचिंतक कोंदोर्से याने १७८५ च्या ग्रंथात मांडले. गुण देण्याची रीत त्याचा समकालीन बोर्दा याच्या नावाने ओळखली जाते. राष्ट्राच्या निवडणुकीस लागू पडणारे हे गणित पंधरा जणांच्या बैठकीसही तितकेच लागू पडते.

अर्थात् कोणतीच रीत निर्दोष नाही. पाच सभासदांचा क्रम लीळाचरित्र, कादंबरी, प्रवास असा. दुसऱ्या पाचांचा कादंबरी, प्रवास, लीळाचरित्र असा. आणि उरलेल्या पाचांचा प्रवास, लीळाचरित्र, कादंबरी असा असेल, तर जोडीने तुलना करता पहिला ग्रंथ दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास आणि तिसरा पुन्हा पहिल्यास, प्रत्येक वेळी दहा विरुद्ध पाच मतांनी, हरवितो. या चक्राला शेवट नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे सिद्ध केले की, तीन किंवा अधिक पर्याय असता वैयक्तिक पसंतीक्रमांवरून सामूहिक क्रम लावणारी, आणि न्याय्य वाटणाऱ्या काही मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी, कोणतीही रीत असू शकत नाही. यावरून मतदान व्यर्थ आहे असे ठरत नाही. मतदानाचा निकाल म्हणजे मंडळाची निःसंदिग्ध इच्छा, असा दावा मात्र कोणी करू नये, इतके निश्चित ठरते.

५. तडजोडीच्या ग्रंथाची मर्यादा

वरील उदाहरणात जोडीच्या तुलनेने आलेला निकाल मंडळ टिकविण्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित आहे. ‘माझा प्रवास’ कोणासही नकोसा नाही. तथापि या रीतीचाही एक धोका आहे. ती नेहमी मधल्या ग्रंथास अनुकूल असते. दर वेळी हीच रीत वापरली, तर ज्या सहा जणांना ‘लीळाचरित्र’ मनापासून वाचावयाचे आहे त्यांची पाळी कधीच येणार नाही. प्रत्येक वेळी ते नऊ मतांपुढे हरतील. कोणासही नकोसे नाही असेच नेहमी वाचणारे मंडळ हळूहळू कोणासही फारसे हवे नाही असे वाचू लागते. कठीण ग्रंथ वाचावयाचा असतो तो सोबतीच्या बळावर. सोबत मिळूनही तो टाळावयाचा असेल, तर मंडळाचे प्रयोजन काय, असा प्रश्न उरतो.

म्हणून मतदानास पाळीची जोड द्यावी. आपल्या कल्पित मंडळात सहा जण म्हणजे दोन-पंचमांश सभासद आहेत. पाच निवडींपैकी तीन मतदानाने आणि दोन त्या गटाच्या इच्छेने व्हाव्यात, हे प्रमाणास धरून आहे. ज्यांची पाळी असेल त्यांनी ग्रंथ सुचवावा. इतरांनी तो नाकारू नये. आज दुसऱ्याचा ग्रंथ वाचणारा उद्या स्वतःच्या ग्रंथासाठी वाचक मिळवीत असतो, हे ध्यानात आले की नाराजीचे कारण उरत नाही.

पाळीने आलेल्या कठीण ग्रंथाचे वाचन मात्र जपून योजावे. ‘लीळाचरित्र’ घेतल्यास ते सबंध वाचण्याचा हट्ट नसावा. निवडक लीळा घ्याव्यात आणि प्रत्येक लीळेची तयारी वेगळ्या सभासदाकडे सोपवावी. प्रथम मूळ मजकूर मोठ्याने वाचावा, ऐकणाऱ्यांनी आपापला तर्क सांगावा आणि जाणकाराने सर्वांच्या शेवटी बोलावे. एवढा साधा क्रम पाळल्यास पुराणिक व श्रोते अशी विभागणी होत नाही. आपट्यांची कादंबरी घेतल्यास उलट उपाय करावा : ती आधी संपवून येण्यास मनाई असावी. ‘करमणूक’चे वाचक ज्याप्रमाणे ठराविक भाग वाचून पुढच्या अंकाची वाट पाहत, त्याप्रमाणे सर्वांनी ठरलेल्या प्रकरणापाशी थांबावे. पुढे काय होणार हे कोणासही ठाऊक नसताना जी चर्चा होते, ती ग्रंथापासून सहसा दूर जात नाही.

६. निवडीपूर्वी आणि निवडीनंतर

मत देण्यापूर्वी सभासदास चार गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत : ग्रंथाचा विस्तार किती, आवृत्ती कोणती, तिच्या प्रती सर्वांस मिळतील काय, आणि भाषेची अडचण कितपत आहे. सुचविणाऱ्याने ग्रंथाची स्तुती करण्याऐवजी त्यातील दोन पृष्ठे वाचून दाखवावीत. स्तुतीने मत मिळते, पण वाचक मिळत नाही. प्रतींच्या दुर्मिळतेवर काही वेळा कायद्यातच उपाय असतो. भारतात ग्रंथकाराच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षांनी सामान्यतः लेखनहक्क संपतो. आपटे १९१९ मध्ये निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्यांच्या मूळ मजकुराच्या प्रती काढण्यास आज प्रत्यवाय नाही. अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना व टीपा यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा हक्क स्वतंत्र असतो.

सभासदांचा विचारही येथेच व्हावा. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांना बारीक टाइपाची जुनी आवृत्ती वाचवत नाही. इंदूर, बडोदे किंवा परदेशात वाढलेल्या मराठी वाचकाचे घरचे बोलणे उत्तम असले, तरी जुने ग्रंथिक गद्य त्याने कदाचित प्रथमच पाहिलेले असते. असे सभासद मतदानात गप्प राहतात आणि नंतर बैठकीतही गप्प राहतात. ‘हा ग्रंथ घेतला तर कोण बोलू शकणार नाही?’ हे निवडीपूर्वी एकदा विचारावे आणि उत्तर ऐकून त्यांच्या सोयीची व्यवस्था आधी करावी. मोठ्याने वाचन हा त्यावरील जुना आणि बिनखर्ची उपाय आहे.

शेवटची सूचना नोंदीविषयी. कोणता ग्रंथ निवडला एवढेच न लिहिता कोणते ग्रंथ पुढे आले, कोणत्या कारणांनी ते सुचविले किंवा नाकारले गेले आणि मते कशी पडली, हे मंडळाच्या वहीत लिहून ठेवावे. जुन्या ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्यांवरून कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले हे कळू शकते. ते का नेले आणि त्याऐवजी कोणते परत ठेविले, हे त्यांवरून कळत नाही. एखादा ग्रंथ अक्षर ठरतो तो समीक्षकांच्या निर्णयाने जितका, तितकाच अशा असंख्य लहान निवडींनी ठरतो. त्या निवडींची कारणे बहुतेक हवेत विरून गेली आहेत. पंधरा जणांच्या एका मंडळाने दहा वर्षे अशी वही चालविली, तर मराठी वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्या पुढील अभ्यासकास तिच्याइतके विश्वसनीय साधन क्वचितच मिळेल.